व्यापाऱ्याने कोणती डोमेन-नावे राखावीत?

आपल्या ट्रस्टच्या आश्रयदात्यांत लहानमोठे व्यापारी बंधू पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांची दुकाने आता बाजारपेठेत आहेत तशी इंटरनेटवरही आहेत. आणि एकेका दुकानास दोन, चार, क्वचित दहा डोमेन-नावेही आहेत. नूतनीकरणाचे बिल आले की प्रश्न पडतो, यांतले कोणते ठेवावे आणि कोणते सोडावे? प्रश्न साधा दिसला तरी त्यात दुकानाची पत गुंतलेली आहे. म्हणून त्याचा क्रमाने विचार करू.

प्रथम डोमेन म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील यंत्रांचे पत्ते आकड्यांत असतात. ते माणसाच्या ध्यानात राहात नाहीत, म्हणून नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. पहिले ‘डॉट कॉम’ नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. आपल्या देशाचे ‘डॉट इन’ २००५ साली सर्वांस खुले झाले आणि देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळू लागले. ही नावे आपण ‘विकत घेतली’ असे म्हणतो. वस्तुतः ती मुदतीच्या भाड्याने मिळतात. ‘डॉट कॉम’ची मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षे असते.

आता दोन गैरसमज दूर करू.

पहिला असा की, मालाचे नाव डोमेनमध्ये असले म्हणजे गूगलच्या शोधात दुकान आपोआप वर येते. एके काळी त्यात तथ्य होते. परंतु सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत बदल केला आणि केवळ अशा नावाच्या जोरावर वर आलेली निकस संकेतस्थळे खाली गेली. आज नावापेक्षा आतील मजकुराचे मोल अधिक आहे.

दुसरा गैरसमज असा की, एकच मजकूर पाच नावांवर ठेवला म्हणजे पाचपट गिऱ्हाईक येते. तसे होत नाही. एकसारख्या पानांतून शोधयंत्र एकच पान निवडते आणि बाकीची बाजूस ठेवते. कोणते निवडावे हे आपण सांगितले नाही, तर ते यंत्रच ठरवते.

मग जुन्या नावाची किंमत कशात? ती दुव्यांत आहे. वर्तमानपत्राने, एखाद्या शाळेने, दुसऱ्या पेढीने आपल्या संकेतस्थळाचा दुवा दिला, म्हणजे एक प्रकारची साक्षच दिली. शोधयंत्र या साक्षी जमेस धरते आणि त्या त्या नावाच्या खात्यावर पडतात. नाव सोडले की खाते बुडाले. मोठ्यांसही हे चुकलेले नाही. २०२० साली ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे नाव खुद्द गूगलच्या हातून गेले. ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’वर शाबूत होते, पण ‘डॉट इन’ने लिहिलेले त्यांचे जुने दुवे मोडले.

तेव्हा आपल्याजवळील प्रत्येक नावास पुढील चार प्रश्न विचारावेत:

(१) या नावावर आजही माणसे येतात काय?
(२) इतरांनी या नावाचे दुवे दिले आहेत काय? गूगलच्या शोधातून येणारी माणसे आणि हे दुवे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये विनामूल्य पाहता येतात.
(३) हे नाव बिलांवर, पाट्यांवर, पिशव्यांवर छापले आहे काय? त्या नावाचा ईमेल बँकेत वा करखात्यात नोंदलेला आहे काय?
(४) हे नाव परक्याच्या हाती गेल्यास गिऱ्हाईक फसेल काय?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर ते नाव राखावे. चारही उत्तरे ‘नाही’ आली, तर निःशंकपणे सोडावे.

उदाहरणार्थ, वडोदऱ्यातील एका अत्तरविक्रेत्याजवळ पाच नावे आहेत असे समजा. पेढीच्या नावाचे ‘डॉट कॉम’ चालू आहे, ते मुख्य. त्याच नावाचे ‘डॉट इन’ परक्याने घेतल्यास घोटाळा होईल, ते राखावे. तिसऱ्यात शहराचे ‘बडोदा’ हे जुने नाव आहे आणि वडिलांनी त्यावर अनेक वर्षे संकेतस्थळ चालवले. यावर सर्वांत अधिक साक्षी असणार. हे मुळीच सोडू नये. चौथ्यात पेढीच्या नावाचे रोमन स्पेलिंग निराळे आहे. आपली नावे रोमन लिपीत दोनतीन प्रकारे लिहिली जातात, म्हणून गिऱ्हाइके खरोखर तसे लिहीत असतील तर ठेवावे. पाचवे ‘स्वस्त अत्तर’ अशा अर्थाचे, हौसेने घेतलेले, कधी न वापरलेले. ते खुशाल जाऊ द्यावे.

राखलेली नावे नुसती पडू देऊ नयेत. जुन्या नावावर आलेल्यास मुख्य नावाकडे कायमचे वळवावे. यास ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. येथे एक पथ्य आहे. जुने पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडेच वळवावे. सगळी पाने सरसकट पहिल्या पानाकडे वळवली, तर पुष्कळदा शोधयंत्र ती नाहीशी झाली असे समजते. हे वळण निदान एक वर्ष ठेवावे, असे गूगलचे सांगणे आहे. माणसांच्या सोयीसाठी ते शक्य तितकी वर्षे ठेवावे.

शेवटी, सोडण्यापूर्वीची सावधगिरी. मुदत संपलेले ‘डॉट कॉम’ नाव विक्रेत्याच्या नियमांप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत परत मिळू शकते. नंतरचे ३० दिवस जादा दंड भरून. आणि पुढे ५ दिवसांनी ते सर्वांस खुले होते. मात्र काही विक्रेते त्याआधीच लिलाव करतात. जुन्या नावाची पत वापरून निकस मजकूर पुढे रेटण्यास गूगलने मार्च २०२४ मध्ये उघड मज्जाव केला आहे. परंतु पिशवीवरील पत्ता वाचून थेट तेथे जाणाऱ्या गिऱ्हाइकाचे रक्षण त्या नियमाने होत नाही. शिवाय नवा धनी जुन्या पत्त्यावरचे ईमेल स्वतःकडे घेऊ शकतो आणि त्यांतून पासवर्डही बदलू शकतो. म्हणून बँकेतला ईमेल आधी बदलावा, नाव मागाहून सोडावे. तसेच नोंदणी संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावाने आहे की आपल्या, हे आजच तपासावे.

हाच नियम आपल्या धर्मादाय संस्थांनाही लागू आहे. ज्या पत्त्यावर लोक विश्वासाने शिष्यवृत्तीचे अर्ज आणि देणग्या पाठवतात, तो पत्ता काही रुपयांच्या भाड्यापायी परक्याच्या हाती जाऊ देणे योग्य नव्हे. नूतनीकरणाची तारीख एकाच माणसाच्या स्मरणावर न सोपवता विश्वस्तांच्या वहीत लिहून ठेवावी.