डोंगराच्या पोटातील पाणी

आमच्या हिंदमाताला पावसाचे पाणी भरते, ही गोष्ट मुंबईत कोणाला नव्याने सांगावयास नको. हा भाग बशीसारखा खोलगट. आजूबाजूचे पाणी इकडेच धाव घेते. माझे वडील येथील कापडबाजारात एका दुकानात कामाला आहेत. कितव्या पायरीला पाणी लागले की खालच्या फळीवरचे तागे वर उचलायचे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पाणी डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस सावध होतो. परंतु आमचे मूळ गाव महाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आहे. तेथील धोक्याचे पाणी दिसत नाही. ते डोंगराच्या पोटात साठते. त्या पाण्याविषयी भूगोलाच्या तासाला जे शिकले आणि गावी जे पाहिले, ते मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

सह्याद्री म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्टचा पर्वत. खाली कठीण कातळ आणि वर त्याचीच झीज होऊन बनलेला मुरूम व माती. बेताच्या पावसात पाणी ओघळून वा झिरपून निघून जाते. मात्र दोनतीन दिवस संततधार लागली, की माती पाण्याने भरून जाते आणि खालचा कातळ ते पाणी लवकर आत घेत नाही. मग मातीचे वजन वाढते, कणांमधील पाण्याचा दाब कणांची परस्परांवरील पकड सैल करतो, आणि तीव्र उतारावरचा थरच्या थर खाली येतो. यालाच आपण दरड कोसळणे म्हणतो.

हिमालयातील हिमकड्यांचीही कथा काहीशी अशीच आहे. वादळात भराभर पडलेला नवा बर्फ खालच्या कच्च्या थराला पेलत नाही, आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो निसटतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये हिमकडा कोसळून १० जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक होता. बर्फ असो वा माती, थोड्या वेळात आलेला मोठा भार हेच संकटाचे मूळ.

आपल्या राज्यातील उदाहरणे पाहू. जुलै २००५ मध्ये मुंबई बुडाली, हे सर्वांच्या लक्षात आहे. २६ तारखेला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास महाड तालुक्यात दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या, हे मात्र फार थोड्यांना आठवते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालील इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. यावरून यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे किती चुकीचे आहे, हे ध्यानात यावे.

मग गावकऱ्याने ओळखावे कसे? डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडे वा विजेचे खांब कलतात, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा कोरड्या जागी नवा झरा फुटतो. अशा वेळी पाऊस थांबण्याची वाट पाहू नये. दरड येताना दिसलीच, तर तिच्या वाटेने खाली न धावता बाजूला पळावे.

गेल्या गणपतीत गावी गेले, तेव्हा वाडीच्या वरच्या वरकस जमिनीत चार बोटे जातील एवढी भेग मला दिसली. आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “बाय, ती भेग तीन पावसाळं हाय. डोंगर आपला हाय, तो कुठं जातोय?” वडिलांनी सरपंचांच्या कानावर घातले, तहसील कार्यालयात अर्जही दिला. आजीची खरी अडचण निराळीच होती. म्हशीला मागे ठेवून ती हलणार नव्हती. शेवटी असे ठरले, की दोन दिवस संततधार लागली तर म्हशीसह तिने सपाटीवरच्या वाडीत आत्याकडे राहायला जावे. भेग मातीने बुजवून घेतली, म्हणजे निदान पाणी सरळ आत शिरणार नाही. पण बुजवलेली भेग म्हणजे टळलेला धोका नव्हे, हे मी तिला दोनदा सांगितले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकून घराला काय उपयोग, असे मला नातेवाईक विचारतात. उत्तर देण्याइतकी मी मोठी नाही. पण त्यानंतर पाऊस संपेपर्यंत मी रोज संध्याकाळी आजीला फोन करून एकच प्रश्न विचारीत असे, “पऱ्याचे पाणी कसे आहे?” ती “निवळ हाय” म्हणाली, की मी पुस्तक उघडीत असे. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांची गावे डोंगराखाली आहेत. येत्या पावसाळ्यात आपणही एवढे जरूर विचारावे.