आधी बिल वाच

चि. बाळ यास,


काल रात्री ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "पाटल्यांवर बँक हल्ली किती देते रे?" कशाला, ते सांगेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तुझ्या द्राक्षवाल्यांच्या ॲपचं ॲमेझॉनच्या क्लाउडचं बिल थकलंय आणि तू तिच्याकडे शब्द टाकलास. त्या पाटल्या आमच्या आईच्या. भाऊजींच्या आजारपणातही ताईने त्या बाहेर काढल्या नव्हत्या, हे तुला ठाऊक आहे.

मी रागावलोय. पैसे कमी पडले म्हणून नाही, धंद्यात ते पडतातच. बिल कशाने वाढलं हे सांगता येत नसताना तू ते भरायला निघालास, म्हणून. "युजर वाढले," असं तू ताईला म्हणालास. बिल तेवढंच वाढलं का? पहिलं वर्ष तुम्ही फुकटच्या क्रेडिटवर काढलंत. तेव्हा काय काय चालू राहिलं ते कोणी पाहिलं नाही. क्रेडिट संपलं, आता तेच सगळं रोख मागतंय.

शेतकरी घडाचा फोटो चढवतो तेव्हा आत येणाऱ्या डेटाचे ॲमेझॉन पैसे घेत नाही. फोटो बाहेर निघाला की मीटर सुरू. महिन्याला पहिले १०० जीबी मोफत, पुढे मुंबईच्या केंद्रातून जीबीमागे जवळपास ११ सेंट. तुमचं ॲप यादी उघडताच प्रत्येक फोटो मूळ आकारात पाठवतं, हे मी दिवाळीत माझ्या फोनवर पाहिलंय. नखाएवढं चित्र दाखवायला चार एमबी कशाला? चढवतानाच लहान प्रत करून ठेवा, यादीत तीच दाखवा. माझा अंदाज आहे, तुमचा सगळ्यात मोठा खर्च इथेच आहे.

चाचणीचा सर्व्हर बंद केलाय, असं तुझा जोडीदार सांगतो. सर्व्हर बंद असला तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. आरडीएसवरचा डेटाबेस नुसता थांबवून ठेवलात तर सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो, वापरा नाहीतर पडू द्या. एका पत्त्याचे महिन्याला तीनशेच्या आसपास रुपये झाले. असे किती पडून आहेत? बजेटचा इशारा लावलाय म्हणशील. तो मेल पाठवतो, मशीन बंद करत नाही.

त्यात दर ठरतात डॉलरमध्ये, आणि तुझे बागायतदार देणार रुपयात, तेही माल गेल्यावर. वर १८ टक्के जीएसटी. खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरलाय ना? नसेल तर इनपुट क्रेडिटही बुडतंय.

म्हणून सांगतो, पाटल्या ठेवून हे बिल फिटेल, पण पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला दुसरं येईल, तेवढंच. तेव्हा काय ठेवशील? तीन वर्षांचा करार केला की दर उतरतो, असंही कोणी सुचवलंय म्हणे. दर खरंच उतरतो. पण आज सही केलीस तर न लागणाऱ्या मशीनचं भाडंही तीन वर्षं गळ्यात पडेल. आधी आवराआवर कर, खरी गरज किती ते दोन-तीन महिने बघ, मग करार.

माझी उमेदीची वर्षं बँकेच्या सर्व्हररूममध्ये गेली. एक मशीन घ्यायचं तर चार सह्या लागायच्या, आणि मला त्या सह्यांचा फार राग यायचा. तुमच्याकडे विशीतला पोरगा एका क्लिकवर मशीन उभं करतो आणि विसरतो. त्या सह्यांचं मोल आता कळतं. त्याच काळात एका मित्राने भागीदारीत सॉफ्टवेअरचं काम काढू म्हणून विचारलं होतं. आईकडे पैसे मागायचा धीर झाला नाही, राहून गेलं. अजूनही रात्री कधी कधी ते मनात येतं. तू नोकरी सोडलीस तेव्हा घरात सगळे ओरडले, मीही ओरडलो. पण दिंडोरीकडची माणसं तुझं ॲप बघून फवारणी ठरवतात हे ऐकलं, तेव्हा ऊर भरून आला होता. तुला बोललो नाही कधी. तू तुझ्या आईकडे पैसे मागितलेस यातही लाज वाटून घेऊ नकोस. फक्त त्या पाटल्यांना हात लावू नकोस.

शनिवारी सकाळीच ये. लॅपटॉप आण आणि जोडीदारालाही घेऊन ये. कॉस्ट एक्सप्लोरर उघडून एकेक ओळ बघू, ज्याचा धनी सापडणार नाही ते बंद करू. थकलेलं या वेळी मी भरतो, परत कधी द्यायचं ते तुझा हंगाम चांगला गेला की बोलू. ताई म्हणाली, तू वाळलायस, रात्री जेवत नाहीस. असं करू नकोस रे. शनिवारपर्यंत थांबवत नसेल तर आजच फोन कर, कितीही वाजले तरी मी उचलेन.

तुझा,
मामा