कर्करोगाच्या रुग्णाच्या तोंडाची निगा



घरातील माणसाला कर्करोगाचे उपचार सुरू झाले, की आपले सारे लक्ष औषध, पैसा आणि गाडीभाडे यांकडे लागते. रुग्णाच्या तोंडात कोणी डोकावत नाही. आठ-दहा दिवसांनी तो ताट बाजूला सारतो. घरचे म्हणतात, "याने जगण्याची आशाच सोडली." खरे पाहता त्याचे तोंड आतून सोललेले असते आणि आमटीचा घोटही निखाऱ्यासारखा लागतो.

असे का होते? तणनाशक फवारताना वारा फिरला, की शेजारच्या पिकाचे कोवळे शेंडे आधी करपतात. कर्करोगाची पुष्कळ औषधेही भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. तोंडातील नाजूक अस्तर सतत नवे होत असते, म्हणून तेही पोळते. औषधोपचारात हे फोड साधारण ५ ते १० दिवसांनी येतात व बहुधा २-३ आठवड्यांत भरतात. तोंडाचे किंवा घशाचे किरणोपचार ६-७ आठवडे चालतात. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्रास सुरू होतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे राहतो.

हा त्रास किरकोळ समजू नये. अन्नपाणी तुटले, की उपचारात खंड पडतो. आणि किरणोपचारात खंड पडला, तर रोग बरा होण्याची शक्यता घटते. शिवाय रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना जखमेतून जंतू रक्तात शिरतात.

म्हणूनच परिचारिकांना तोंड तपासण्याचे खास शिक्षण देतात. अमेरिकेतील परिचारिका जून आयलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात आठ गोष्टी पाहतात: आवाज, गिळणे, ओठ, जीभ, लाळ, तोंडाचे अस्तर, हिरड्या आणि दात किंवा कवळी. प्रत्येकीला १ ते ३ गुण. ८ म्हणजे तोंड निरोगी, २४ म्हणजे फार वाईट. गुण वाढू लागले, की परिचारिका वेळीच डॉक्टरांना कळवते. हा तक्ता आपल्याला घरी भरता आला नाही, तरी पुढील गोष्टी कोणालाही जमतील.

१. उपचारांपूर्वी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडका दात काढायचा असेल, तर किरणोपचारापूर्वी जखम भरण्यास २-३ आठवडे मिळावेत.

२. रोज हात धुऊन, बॅटरीच्या उजेडात ओठ, गाल, हिरड्या आणि जिभेखालची जागा पाहा.

३. जेवणानंतर व झोपताना अगदी मऊ ब्रशने दात घासावेत. मिश्री, कोळसा, राख, दातवण पूर्ण बंद. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी.

४. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ व एक लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. धुण्याचा सोडा चुकूनही घेऊ नका. या पाण्याने दिवसातून ४ ते ६ वेळा चूळ भरून थुंकावी. पाणी रोज ताजे करावे. दारूचा अंश असलेली बाजारी औषधी चूळ वापरू नये.

५. मऊ भात, नाचणीची पेज, वरण, दूध, केळे, उकडलेले अंडे असे कोमट किंवा गार अन्न द्या. तिखट, लोणचे, लिंबू, चिंच, कडक भाकरी टाळा. पाणी घोटघोट देत राहा.

६. तंबाखू, गुटखा, सुपारी, विडी व दारू घरातूनच हद्दपार करा. निपाणीकडे तंबाखूचे पीक पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण शेतातले पीक म्हणून ते तोंडाला निरुपद्रवी ठरत नाही.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तोंडात पांढरे थर दिसले, रक्त थांबेना किंवा पाणीही गिळवेना, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयाशी संपर्क साधा. वेदना असह्य असेल तर तेही सांगा. त्यावर औषध आहे; मुकाट सोसण्यात पुण्य नाही. तोंडाला किरण दिलेल्या माणसाने पुढे अनेक वर्षांनीही दात काढण्यापूर्वी ही गोष्ट दंतवैद्यांना सांगावी, कारण जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका राहतो.

शेवटी एक गोष्ट. तोंड दुखते म्हणून काही रुग्ण ख्रिस्तप्रसाद घेण्याचे टाळतात व मनातून खंतावतात. फादरांना मोकळेपणाने सांगा. होस्तीचा अगदी लहान तुकडा घोटभर पाण्याबरोबर घेता येतो. भाकर गिळवतच नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात देण्याची मुभा १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. आजारी माणसाला व त्याची सेवा करणाऱ्याला तासाभराच्या उपवासाचेही बंधन नाही.

आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण रोजरीची माळ जपतोच. ती झाल्यावर बॅटरी घेऊन त्याच्या तोंडातही पाहावे. तीही सेवाच आहे.