संघ निवडताना उंची पाहायची की खेळ?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, १४ वर्षांखालील फुटबॉल संघ निवडायचा म्हटलं की आपली नजर आधी उंच, दांडग्या मुलाकडे जाते. मोहोळची शाळा असो की सोलापूरची, सगळीकडे हेच.

कुस्तीत तसं नसतं, तिथे वजनगट असतात. म्हणून तर गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात आपल्याच वजनाच्या मल्लांशी लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. फुटबॉलमध्ये गट फक्त वयाचे. मुलगे साधारण ९ ते १४ या वर्षांत केव्हाही वयात येऊ लागतात. त्यामुळे तेराव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं, तर दुसरा अजून बारकाच दिसतो. पहिला नुसत्या धक्क्यावर चेंडू जिंकतो. पण पुढे बाकीचे उंचीत त्याला गाठतात आणि पासिंग, ड्रिब्लिंग शिकलेलं नसेल तर तो मागे पडतो. दुसरा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. नुकसान दोघांचंही!

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला लहानपणी किरकोळ अंगामुळे एका क्लबने नाकारलं होतं. २०१८ च्या विश्वचषकात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग काय करायचं? सरावात चार-चार जणांचे छोटे सामने घ्या. अधूनमधून सारख्या अंगाची मुलं एकत्र खेळवा. निवडताना चेंडूवरचा ताबा, दोन्ही पायांनी पास, मान वर ठेवून खेळणं पाहा. आणि पालकहो, "आमचा बारका आहे, त्याला नाही जमायचं" असं मुलासमोर म्हणू नका. उंची त्याच्या हातात नाही, सराव आहे.