ओट्याचा ग्रॅनाइट घरीच कापावा का?

प्रश्न : शेगडी काढून बिल्ट-इन हॉब बसवायचा आहे. ग्राइंडर घरात आहे. ग्रॅनाइट मीच कापला तर?

उत्तर : आधी वाकून ओट्याखाली बघा. उभी कडप्पा फरशी कापाच्या रेषेत येत असेल, तर मिस्त्रीलाच बोलवा. माप वरच्या काचेचं घेऊ नका. पुस्तिकेतलं कट-आउटचं माप त्याहून लहान असतं. तडा कोपऱ्यातून सुरू होतो, म्हणून चारही कोपऱ्यांत आधी डायमंड बिटने गोल भोकं पाडा आणि मग ती जोडत थोडं थोडं खोल कापत जा. सुटणाऱ्या तुकड्याला खालून टेकू हवाच, नाहीतर शेवटच्या दोन बोटांत तो आपल्या वजनाने मोडतो आणि ओट्याचा टवका घेऊन जातो.

खरी भीती धुळीची. त्यातल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. रुमाल बांधून भागत नाही, किमान एन-९५ मास्क लावा. साध्या ग्राइंडरवर पाणी मारलंत तर शॉक बसेल. पाण्याची जोडणी असलेला मार्बल कटर भाड्याने आणा.

आणि ओटा क्वार्ट्झचा निघाला तर हातच लावू नका. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली आहे.