वायरलेस मॉड्यूल बोर्डावर कोठे बसवावे?

आम्ही कापडाचे व्यापारी. सर्किट बोर्ड हा आमचा धंदा नव्हे. पण मागावर किती मीटर कापड निघाले याची मोजणी वायफायवरून करावी म्हणून आम्ही एका कारागिराकडून 12 बोर्ड बनवून घेतले. त्याच्या टेबलावर सारे उत्तम चालले. मागावर लावताच निम्मे गप्प झाले. मॉड्यूल नवे, प्रोग्राम ठीक. दोष फक्त जागेचा. मॉड्यूल बोर्डाच्या मधोमध बसवले होते. बाराही बोर्ड पुन्हा करावे लागले. आमच्या कारागीर बांधवांचे असे नुकसान टळावे म्हणून हा धडा.

ईएसपी32-रूम-32 हे सर्रास वापरले जाणारे मॉड्यूल घ्या. रुंदी 18, लांबी 25.5 मिलिमीटर. बहुतेक भागावर पत्र्याचे झाकण असते आणि एका टोकाला तांब्याची नागमोडी रेघ उघडी दिसते. तीच रेघ म्हणजे अँटेना. वायफायची लहर 2.4 गिगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांब. अँटेना तिच्या मापाला जुळवलेला असतो. जवळ धातू आला की हे माप बिघडते आणि ताकद वाया जाते.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. मॉड्यूल बोर्डाच्या काठाला बसवावे आणि अँटेनाचे टोक काठाबाहेर काढावे.

2. ते जमत नसेल तर अँटेनाखालचा बोर्ड कापून टाकावा. निदान त्या जागी वर, खाली किंवा आतल्या थरात तांबे ठेवू नये.

3. अँटेनाभोवती सर्व बाजूंनी 15 मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. बॅटरी, रिले, ट्रान्सफॉर्मर, स्क्रू, तारा यांपैकी काहीही तेथे नको.

4. बाकी मॉड्यूलखाली मात्र ग्राउंडचे तांबे सलग ठेवावे. अँटेना एकटा काम करीत नाही. ग्राउंड त्याचा जोडीदार आहे.

5. डबी प्लास्टिकची असावी. तिला धातूमिश्रित रंग देऊ नये. लोखंडी डबीच हवी असेल तर 32यू हे मॉड्यूल घ्यावे. त्याला बाहेरचा अँटेना जोडता येतो. तो डबीबाहेर काढावा.

तपासणीही सोपी आहे. मॉड्यूलला किती सिग्नल मिळतो हा आकडा प्रोग्राममधून वाचता येतो. तो उणे असतो: उणे 60 चांगला, उणे 80 कमजोर. 10 चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. 20 चा म्हणजे शंभरपट. बोर्ड आधी उघडा ठेवून आकडा लिहावा, मग त्याच जागी डबीत घालून पुन्हा लिहावा. आकडा फार घसरला तर डबी किंवा मॉड्यूलची जागा बदलावी.

आमची चूक हीच झाली की टेबलावरची तपासणी आम्ही पुरेशी मानली. ग्राहकाचा माल टेबलावर चालायचा नसतो. तो लोखंडी मागाशेजारी चालायचा असतो. तेव्हा मोठी ऑर्डर हाती आली तरी आधी एकच बोर्ड करावा, डबीत घालून खऱ्या जागी दोन दिवस चालवावा आणि मगच बाकीचे करावेत. कापडाला कात्री लावण्यापूर्वी आपण माप घेतोच. येथेही तेच करायचे आहे.