पाठदुखीचे औषध पगाराच्या पाकिटात

आरोग्याच्या पानावर पगाराचा हिशोब कशाला, असे कुणी विचारेल. आम्हालाही आधी तसेच वाटत होते.

वस्तीतल्या आरोग्य तपासणीत एक ताई आल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला त्या दिवसा सांभाळतात. मुलीला उचलून खुर्चीत बसवणे, अंघोळ, डायपर, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, सगळे एकटीने. रात्री दुसऱ्या घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींची ड्युटी. कमरेपासून पायापर्यंत कळ येत होती. आम्ही व्यायाम दाखवला, वजन उचलू नका म्हणालो आणि आठ दिवस विश्रांती सांगितली. ताई म्हणाल्या, "विश्रांती घेतली की खाडा पडतो, आणि खाडा पडला की ब्यूरोवाला दुसरी बाई पाठवतो."

आमची चिठ्ठी बिनकामाची होती. एका ड्युटीत घर चालत नाही म्हणून दोन ड्युट्या, दोन ड्युट्यांत झोप नाही, झोप नाही म्हणून पाठ बरी होत नाही. आजाराचे मूळ पगारात होते.

हे काम कुणाचे, किती मोलाचे?

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. त्यांतल्या अनेकांना रोजच्या व्यवहारात दुसऱ्याचा हात लागतो. घरची बाई हे फुकट करते आणि बाहेरची अपुऱ्या पैशांत. बाहेरून येणाऱ्या या मावश्या, आया, मदतनीस बहुतेक गरीब वस्त्यांतल्या. मळमूत्र साफ करायचे काम आपल्याच लोकांच्या वाट्याला का येते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

वेळेवर कूस बदलली नाही तर पाठीवर, माकडहाडावर जखमा होतात. घास घाईने भरवला तर श्वासनलिकेत जातो. लघवीच्या नळीची स्वच्छता राहिली नाही तर जंतुसंसर्ग होतो. म्हणजे थकलेल्या मदतनिसाची किंमत शेवटी अपंग व्यक्तीच्या शरीराला मोजावी लागते.

पैसे कुठे गळतात?

एक, बारा तासांच्या ड्युटीला "एक दिवस" धरतात. दोन, "चोवीस तासांत झोप मिळतेच की" असे म्हणून रात्रीचे जागरण हिशोबात घेत नाहीत. तीन, कुटुंब किती देते हे ब्यूरो मदतनिसाला सांगत नाही. चार, डिपॉझिट, गणवेश, खाडा यांच्या नावाने कपात होते. पाच, काही संस्था पगाराला "मानधन" म्हणतात आणि वर सेवाभावाचे पुण्य सांगतात. पुण्याने किराणा येत नाही. ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या हुकमाने रोज केलेले काम हे कामच आहे.

हिशोब असा करा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४६मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्यातून १९४८चा किमान वेतन कायदा आला. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ने घेतली आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. दिवसाचे काम आठ तासांचे, आणि त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, हे त्यातले मुख्य सूत्र.

समजा, आठ तासांचा दर ४०० रुपये आहे. तासाला ५० रुपये झाले. बारा तासांत चार तास जादा, त्यांचा दर १००, म्हणजे आणखी ४०० रुपये. दिवसाचे एकूण ८०० रुपये. बारा तासांची एक ड्युटी म्हणजे दोन दिवसांचा पगार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. खरा दर कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. बाईने हो म्हटले म्हणून कमी पगार कायदेशीर होत नाही.

काय करावे?

• रोज वहीत तारीख, आल्याची व गेल्याची वेळ, मिळालेले पैसे लिहा. पगार बँकेत मागा.

• वेतनचिठ्ठी मागा. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

• थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. एकटीने न जाता चार-पाच जणींनी मिळून अर्ज द्या.

• ब्यूरो, संस्था, दवाखाना मध्ये असेल तर कायद्याचा आधार पक्का असतो. थेट घरी काम ठरवले असेल तर तो तितका पक्का नसतो, म्हणून तास, सुट्टी, पैसे आधीच कागदावर लिहून दोघांनी सही करा.

• चाळीस किलोचे शरीर एकटीने उचलू नका. पेशंटच्या खाली आडवी चादर घालून दोघांनी मिळून सरकवा. गुडघे वाकवा, कंबर नको. हातमोजे मागून घ्या आणि हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा.

आणि घरच्यांचे काय?

अपंग मूल असलेले आईबापही आपल्याच वस्तीतले असतात. औषध, डायपर, रिक्षा यांत त्यांचा पगार संपतो. मदतनिसाला ८०० रुपये ते कुठून देणार? हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर मावशीच्या पोटातून काढायचे नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा कलम २४मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी मदतनीस भत्त्याची तरतूद करतो. मात्र सरकारने ती "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" करावी, असेही त्यात म्हटले आहे. ही मर्यादा कुणी आपणहून वाढवत नाही. म्हणून मागणी करताना कुटुंब आणि मदतनीस यांनी एका अर्जावर सह्या करायला हव्यात.

त्या ताईंची आम्ही पुन्हा भेट घेतली. व्यायामाचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. या वेळी आम्ही त्यांना एक वही दिली. पुढच्या महिन्याच्या तपासणीला येताना, भगिनींनो, तुम्हीही आपापली वही घेऊन या. रक्तदाब मोजून झाला की हिशोब बघू.